विन्या तोंदोनिया: आरो गावची, वर्षानुवर्षं तळघरात थांबणारी रिओहा

अनुस्वार

स्पेनच्या रिओहा वाईनचा विषय निघाला की चर्चा ‘विमानतळावरून कुठली बाटली उचलू’ याच्या पुढे सहसा जात नाही. मी उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओत राहते. आरो हे गाव इथून गाडीने साधारण तासाभरावर आहे, आणि तिथल्या लोपेझ दे एरेदिया या वाईन बनवणाऱ्या घराण्याबद्दल सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं. त्यांची सगळ्यात नावाजलेली रेड म्हणजे विन्या तोंदोनिया. स्पेनमध्ये माझी सगळ्यात लाडकी वाईन कोणती असं कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता हेच नाव घेईन, त्यामुळे खाली जे लिहिलं आहे ते प्रेमानेच लिहिलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. रिओहा हा एब्रो नदीच्या काठचा पट्टा. उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाची उभी भिंत आहे, ती अटलांटिककडून येणारा गारठा आणि पाऊस बराचसा अडवते. पट्ट्याचे तीन भाग पडतात: रिओहा आल्ता, रिओहा आलावेसा आणि पूर्वेकडचा उष्ण रिओहा ओरिएंताल. आरो हे रिओहा आल्ताचं मुख्य ठाणं. इथे उन्हाळा फार भाजत नाही, रात्री थंड असतात, द्राक्षं सावकाश पिकतात आणि त्यांची आंबटी टिकून राहते. पुढे सगळं या आंबटीवर अवलंबून आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये फिलोक्सेराने धुमाकूळ घातला. द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारा हा अमेरिकेतून आलेला बारीक किडा. बागाच्या बागा मुळापासून वाळून गेल्या आणि बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत दक्षिणेकडे निघाले. १८६० च्या दशकात आरोला रेल्वे आली होती, त्यामुळे पिंपं थेट बिल्बाओ बंदराकडे रवाना करता येत. म्हणून सगळ्यांनी रेल्वे स्टेशनच्या भोवतीच ठाण मांडलं. ते ‘बारियो दे ला एस्तासिओन’, म्हणजे स्टेशनची वस्ती, आजही जसंच्या तसं आहे. कूने, ला रिओहा आल्ता, मूगा, बोदेगास बिल्बाइनास, गोमेस क्रुसादो, रोदा हे सगळे वाईन करणारे एकमेकांचे शेजारी. पायी फिरून एका दिवसात पाहता येतात. गाव तेव्हा इतकं भरभराटीला आलं की १८९० च्या सुमारास रस्त्यावर विजेचे दिवे लागले. स्पेनमध्ये त्या काळी हे भाग्य फार थोड्या गावांना मिळालं होतं. ‘आरो, पारिस, लोंद्रेस (लंडन)’ असं आरोकर अजून छाती फुगवून म्हणतात.

या धामधुमीत चिलीत जन्मलेला राफाएल लोपेझ दे एरेदिया इ लांदेता आरोला आला. फ्रेंचांचं काम त्याने जवळून पाहिलं आणि १८७७ मध्ये स्वतःची वास्तू बांधायला घेतली. पुढे फ्रान्सच्या बागा सावरल्या, १८९२ मध्ये स्पेन आणि फ्रान्समधला व्यापारी करार संपला, फ्रान्सने जकात वाढवली आणि मागणी ओसरली. त्यातच १८९९ मध्ये फिलोक्सेरा खुद्द रिओहात पोचला. नुसती पिंपं भरून पाठवणाऱ्यांचा धंदा बसला. राफाएलने मात्र जमीन घेतली. एब्रो नदी आरोजवळ शिंपल्यासारखं मोठं वळण घेते. त्या वळणाच्या कुशीत, उजव्या तीरावर, १९१३-१४ मध्ये त्याने तोंदोनियाची बाग लावली. शंभर हेक्टरहून मोठी, नदीच्या गाळाची चुनखडीयुक्त जमीन. बाटलीवर ज्या बागेचं नाव आहे त्याच बागेची द्राक्षं आत असतात. रिओहातले बरेच मोठे ब्रँड आजही गावोगावची द्राक्षं एकत्र करतात, त्या मानाने हे वेगळेपण मोठं आहे.

रेडमध्ये द्राक्षांच्या चार जाती: साधारण पाऊण हिस्सा तेम्प्रानियो, पंधरा टक्के गार्नाचा आणि उरलेल्या दहा टक्क्यांत ग्रासियानो आणि मासुएलो. अल्कोहोल साडेबारा-तेराच्या घरात, आजच्या मानाने बेताचं.

आता मुख्य गोष्ट. रिओहाच्या नियमाप्रमाणे ‘रेसेर्वा’ व्हायला रेड वाईन एकूण तीन वर्षं ठेवावी लागते, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. ‘ग्रान रेसेर्वा’ला पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात आणि दोन बाटलीत. तोंदोनियाची रेसेर्वा सहा वर्षं पिंपात असते. ग्रान रेसेर्वा तर दहा. त्यानंतर बाटलीत भरून आणखी कित्येक वर्षं तळघरात. २००१ च्या हंगामाची ग्रान रेसेर्वा बाजारात आली तेव्हा त्या वर्षी जन्मलेली मुलं कायद्याने ती प्यायला मोकळी झाली होती.

बाकी ठिकाणी वाईन कोवळी विकतात आणि ‘दहा वर्षं ठेवा, मग उघडा’ असं गिऱ्हाइकाला सांगतात. इथे ठेवायचं काम, त्याची जागा, त्याचा खर्च, त्यातली जोखीम, सगळं घराण्याने स्वतःकडे घेतलंय. तुम्ही बाटली घेता तेव्हा ती पिण्याजोगी झालेली असते. मला या बोदेगाचं, म्हणजे वाईनघराचं, सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

वाटसरू

फार सुरेख लिहिलंय. मी आरोला गेलो होतो ते २९ जूनच्या वाईनच्या लढाईला. सान पेद्रोच्या दिवशी सगळा गाव पांढरे कपडे आणि गळ्यात लाल रुमाल घालून बिलिबिओच्या कड्यांवर चढतो आणि एकमेकांना रेड वाईनने आंघोळ घालतो. तेव्हा बोदेगे बघायचे राहिले.

एक शंका आहे. दहा वर्षं लाकडात ठेवल्यावर वाईनला नुसता लाकडाचाच वास येत नाही का? मी काही रिओहा प्यायलोय, त्यांत दोनच वर्षांत व्हॅनिला आणि नारळाचा वास इतका चढला होता की द्राक्ष कुठे आहे ते शोधावं लागलं.

अनुस्वार

@वाटसरू, ती पिंपं नवी असणार. नवीन अमेरिकन ओकमधून व्हॅनिलासारखा वास भरभरून उतरतो. दोन-चार वेळा वापरून झालं की तो बहुतेक संपतो. तोंदोनियाची पिंपंही अमेरिकन ओकचीच, पण जुनी. वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरलेली. लोणचं मुरलं की बरणीचं काम संपतं, बरणीने स्वतःची चव द्यायची नसते, तसंच इथे पिंपाचं आहे. लाकडाच्या छिद्रांतून आणि सांध्यांतून अगदी थोडी हवा आत जाते. त्या हवेने तुरटपणा हळूहळू मऊ होतो, रंग जांभळ्यावरून विटकरीकडे झुकतो, ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि सुकं अंजीर, तंबाखूचं पान, चामडं, संत्र्याची साल असले वास पुढे येतात. पण हे सोसायला वाईनमध्ये आंबटी भरपूर लागते. नाहीतर दहा वर्षांत ती मरून जाईल. म्हणून वर आंबटी लक्षात ठेवा म्हटलं होतं.

आणि वाईन दहा वर्षं एकाच पिंपात पडून नसते. वर्षातून साधारण दोनदा एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढतात. तळाशी बसलेला गाळ मागे राहतो. रिओहातल्या जुन्या पद्धतीत हे काम हाताने, मेणबत्तीच्या उजेडात करतात. पिंपाच्या तळाजवळच्या भोकातून धार सोडायची, पेला भरायचा, ज्योतीसमोर धरायचा. धार स्वच्छ आहे तोवर चालू, जराशी गढूळ दिसली की लगेच बुच. दर पिंपाला हेच. या घरात पिंपं किती आहेत माहीत आहे? जवळपास १३,०००. प्रत्येकी २२५ लिटरची.

पिंपं बनवण्याची आणि दुरुस्त करण्याची कार्यशाळाही त्यांचीच. ओकचं लाकूड अमेरिकेतून आणतात, उघड्यावर वाळवतात, मग आत जाळ करून फळ्या वाकवतात आणि लोखंडी कड्या ठोकून बसवतात. गोंद नाही, खिळा नाही. रिओहात स्वतःचे पिंपं बनवणारे कारागीर पदरी ठेवणारी बोदेगं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. मी तिथे उभी असताना एक कारागीर कडी बसवत होता. हातोड्याचा प्रत्येक घाव जरा पुढे सरकत पिंपाभोवती गोल फिरत होता आणि फळ्यांमधल्या फटी डोळ्यांदेखत मिटत होत्या. त्याने मान वर करून कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोगरा

माहिती छान आहे. मी पीत नाही पण वाचायला आवडलं. घरच्यांसाठी एक प्रश्न. युरोपातल्या वाईनमध्ये अंडं घालतात असं ऐकलंय. ते या वाईनला लागू आहे का? आमच्याकडे अंडंही चालत नाही.

अनुस्वार

@मोगरा, हो, लागू आहे. रेड वाईन नितळ करायला अंड्याचा ताजा पांढरा बलक वापरतात आणि तोंदोनियामध्ये ही पद्धत अजून पाळतात. बलकातलं प्रथिन तुरट घटकांना आणि तरंगणाऱ्या कणांना धरतं आणि तळाशी बसतं. मग वरची नितळ वाईन दुसऱ्या पिंपात काढून घेतात. अंडं गाळाबरोबर मागे राहतं. पण वापरलेलं आहे हे खरंच, त्यामुळे ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी ही घेऊ नये. बाजारात व्हीगन असं लिहिलेल्या बऱ्याच वाईन मिळतात, त्यांत बेंटोनाइट नावाची माती किंवा वनस्पतीचं प्रथिन वापरतात.

मोगरा

धन्यवाद, इतकं स्पष्ट उत्तर इतर कुठेच मिळालं नव्हतं. घरी सांगते.

निफाडकर

आमच्या घरची द्राक्षं आहेत, खायची थॉमसन आणि थोडी वाईनची. त्यामुळे माझा सगळा जीव बागेत. काही प्रश्न विचारतो, कंटाळा करू नका.

एक, वेली कशावर चढवल्या आहेत? आमच्याकडे पूर्वी मांडव होता, आता वाय आकाराचा आधार. दोन, पाणी. ठिबकशिवाय आमचं पान हलत नाही. तीन, एकरी उतारा किती? खायच्या द्राक्षात आम्ही एकरी दहा-बारा टन काढतो, वाईनच्या बागेत कंपनी त्याच्या निम्म्यावर आणायला सांगते. चार, फिलोक्सेरा आल्यावर त्यांनी खुंट, म्हणजे कलमाखालची दुसऱ्या जातीची मुळं, वापरला का?

शेवटचा प्रश्न विचारायचं कारण असं की आम्हीही डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो, पण आमच्याकडे त्याचं कारण किडा नव्हे. खारं पाणी, चुनखडीची जमीन आणि दुष्काळ यांना तो खुंट टिकतो म्हणून. अमेरिकन खुंटच, पण दुखणं वेगळं.

अनुस्वार

@निफाडकर, असे प्रश्न विचारणारा कुणी यावा म्हणूनच तर धागा काढला!

वेली झुडपासारख्या ठेवतात. तार नाही, मांडव नाही. जमिनीपासून गुडघ्याएवढं खोड, त्याला तीन फांद्या, प्रत्येक फांदीवर दोन आखूड काड्या, प्रत्येक काडीला दोन डोळे. म्हणजे वेलीला बारा नवे फुटवे, आणि साधारण तेवढेच घड. रिओहाची ही जुनी पद्धत. लांबून बघितलं तर वेलीऐवजी बुटकी झाडं रांगेत उभी आहेत असं वाटतं. पानं स्वतःच्याच घडांवर सावली धरतात.

पाणी पावसाचं. अशा जुन्या झुडपी बागा कोरडवाहूच वाढलेल्या आहेत.

उताऱ्यावर कायद्याची मर्यादा आहे. रिओहात लाल द्राक्षाला हेक्टरी ६,५०० किलो, पांढऱ्याला ९,०००. म्हणजे लालचे एकरी अडीच टनांच्या आसपासच. जास्तीच्या मालाला रिओहाचं नाव लावता येत नाही.

खुंट म्हणाल तर हो. फिलोक्सेरानंतर सगळ्यांनाच अमेरिकन खुंटावर यावं लागलं, दुसरा इलाजच नव्हता. त्या किड्याबरोबर वाढलेल्या अमेरिकन वेलींच्या मुळांना तो सहन होतो, युरोपातल्या वेलींच्या मुळांना होत नाही. तोंदोनियाची लागवड त्या पडझडीनंतरची आहे.

काढणी पूर्ण हाताने, साधारण ऑक्टोबरात. द्राक्षं पॉप्लरच्या लाकडाच्या उंच टोपल्यांसारख्या पिंपांत भरून आणतात. तीही त्यांच्याच कार्यशाळेत बनतात. आंबवण मोठमोठ्या ओकच्या टाक्यांत होतं, त्यातल्या काही बोदेगाच्या स्थापनेपासूनच्या आहेत. स्टेनलेस स्टील नाही, बाहेरून आणलेलं यीस्ट नाही.

तुमच्या बागेचं वेळापत्रक कसं चालतं तेही लिहा ना. इथल्या लोकांना सांगितलं की आमच्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते, तर त्यांना पटत नाही.

निफाडकर

लिहितो. तिकडे हिवाळ्यात वेल आपोआप झोपते. पानं गळतात, बर्फ पडतो, मग वसंतात डोळे फुटतात. आमच्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आम्हाला दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला. पावसाळ्यात वेलीवर फळ नको असतं, पावसात घड सापडला तर डावनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या तावडीतून काहीच वाचत नाही. मग ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी, तिथून फळाचा हंगाम सुरू. छाटण्या दोन, पीक एकच. वाईनचा माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, म्हणजे दिवस तापत जाताना. तिकडचं सगळं उलट, शेवटचा महिना गार पडत जाताना. तुम्ही आंबटी आंबटी म्हणता ती तिथे का टिकते ते आत्ता डोक्यात लख्ख बसलं. आमच्या मालात साखर भराभर चढते आणि आंबटी तेवढ्याच भराभर उतरते. म्हणून रात्रीच्या गारव्यात, पहाटेच तोडणी उरकायची धडपड असते.

तेम्प्रानियो आमच्या जिल्ह्यालाही नवा नाही बरं का. दिंडोरीकडे चारोसा वाईनरीने तेम्प्रानियोची रिझर्व्ह काढली होती आणि जाणत्यांनी ती वाखाणली होती. पण दहा वर्षं पिंपात ठेवायची छाती कुणी केलेली नाही.

चौकट

या बोदेगाचं नाव मी वास्तुकलेच्या अंगाने ऐकलं होतं, त्यात भर घालतो. १९१० च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी या घराण्याने नक्षीदार लाकडी दालन करून नेलं होतं. ते सुटं करून बोदेगाच्या आवारात पडून होतं. चौथ्या पिढीला ते सापडलं, त्यांनी ते दुरुस्त करून पुन्हा उभं केलं. पण ठेवायचं कुठे? बोदेगाला सव्वाशे वर्षं होत होती, आणि त्यांनी हे काम दिलं वास्तुविशारद झाहा हदीदला. तेव्हा तिला वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळायचं होतं, ते मिळालं २००४ मध्ये. हदीदचं काम २००६ मध्ये पूर्ण झालं. समोरून बघितलं तर तिरका कापलेला वाईनचा डिकँटर (ओतायचं काचेचं भांडं), आणि आत शंभर वर्षांचं लाकडी दालन जसंच्या तसं.

त्याच वर्षी एल्सिएगोला मार्केस दे रिस्काल या वाईनघराचं, फ्रँक गेरीने केलेलं हॉटेल उघडलं. लाग्वार्दियाजवळची कालात्रावाने केलेली इसिओस बोदेगाची इमारत त्याच्याही आधीची. अर्ध्या दिवसात तिन्ही होतात. माझ्या मते या तिघांत हदीदचं काम सगळ्यात लहान आणि सगळ्यात नेमकं आहे, कारण तिच्यापुढे काम ठरलेलं होतं: जुनं सांभाळायचं. गेरीची जांभळी-सोनेरी टायटॅनियमची छपरं बघायला झकास, पण ती इमारत मला कुठेही बांधता आली असती असं वाटतं.

अनुस्वार

@चौकट, अगदी. आणि त्या दालनाच्या मागेच राफाएलच्या काळातला मनोरा आहे, ‘चोरी तोकी’. दोन्ही एका नजरेत दिसतात.

तुम्हाला तळघरं जास्त आवडतील. टेकडीच्या पोटात वालुकाश्म खोदून बोगदे केलेत. बारमाही गारवा आणि ओल. भिंतींवर, बाटल्यांच्या राशींवर काळसर बुरशीचे जाड थर, आणि छतापासून लोंबणारी कोळिष्टकं. ती मुद्दाम ठेवली आहेत. बुचाच्या झाडसालीत अंडी घालणारे पतंग असतात, त्यांच्या अळ्या बूच पोखरतात. कोळी त्या पतंगांना खातात. फवारणी नाही. जिथे बाटल्या वीस-वीस वर्षं आडव्या पडून असतात तिथे बूच सांभाळणं ही वाईन सांभाळण्याइतकीच मोठी गोष्ट आहे.

जुनाजाणता

सगळे कौतुक करताहेत म्हणून वेगळं मत नोंदवतो. मी तोंदोनिया रेसेर्वा लंडनमध्ये घेतली होती, चांगल्या दुकानातून. मला ती रुचली नाही. रंग फिका, फळ जवळपास नाही, नाकाला जरासा व्हिनेगरकडे झुकणारा वास. माझ्या स्पॅनिश सहकाऱ्याने ती डोळे मिटून चाखली आणि त्याचे डोळे भरून आले. मी मात्र रिबेरा देल दुएरो या दुसऱ्या स्पॅनिश पट्ट्याची भरदार तेम्प्रानियो आजही जास्त आनंदाने पितो. जुन्या पद्धतीबद्दल मला आदर आहे. पण जुनं म्हणजे चांगलंच, हे मला मान्य नाही.

अनुस्वार

@जुनाजाणता, तुमचं मत मला पूर्ण समजतं. तुम्ही जे टिपलंत ते या वाईनमध्ये असतंच. इतकी वर्षं हवेशी संबंध आला की तो तीक्ष्ण वास थोडा येतो आणि फळ मागे सरकतं. ज्यांना काळीभोर, भरदार वाईन हवी त्यांच्यासाठी ही नाही.

फक्त ‘जुनं म्हणजे चांगलंच’ याबद्दल थोडं बोलते. १९९० च्या दशकात रिओहात वारं फिरलं. नवीन फ्रेंच ओक, गडद रंग, जास्त पिकलेली द्राक्षं, चढं अल्कोहोल. गुण देणाऱ्या अमेरिकन समीक्षकांना तेच आवडायचं आणि त्यावरच किमती ठरायच्या. पुष्कळ घराण्यांनी जुनी पिंपं काढून टाकली. तोंदोनिया तेव्हा मागासलेली, वेळेच्या मागे राहिलेली म्हणून हिणवली गेली. त्या वर्षांत पेद्रो लोपेझ दे एरेदिया आणि त्यांची मुलं मारिया होसे, मेर्सेदेस आणि हुलिओ सेसार यांनी पद्धत तसूभरही हलवली नाही. पेद्रो २०१३ मध्ये गेले. आज तीच वाईन मिळायला दुकानदारांना रांगेत उभं राहावं लागतं. त्यांनी जुनं धरून ठेवलं म्हणून मी कौतुक करत नाही. आपल्या बागेच्या द्राक्षाला काय मानवतं हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या माहितीवर त्यांनी नुकसान सोसलं, यासाठी करते.

पुन्हा कधी योग आला तर बाटली तासभर आधी उघडून बघा. वास निवळतो, खूप फरक पडतो.

पिठलंभाकर

जेवणाचं कुणी बोललंच नाही! आरोला काय खातात याबरोबर? आणि आपल्या जेवणाशी जमते का? भाऊ बिल्बाओहून बाटली आणणार आहे, घरी मटण करायचा बेत आहे.

अनुस्वार

@पिठलंभाकर, आरोला कोकराच्या बारीक चापा खातात. छाटणीच्या वाळलेल्या द्राक्षकाड्यांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या असतात. त्या पेटवतात, ज्वाळा बसल्या की निखाऱ्यावर जाळी, जाळीवर चापा, वर फक्त जाडं मीठ. काड्या झटकन जळतात आणि आच प्रखर असते, दोन-चार मिनिटांत काम होतं. हाताने खातात.

आपल्याकडे तांबडा रस्सा नको. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही टोचायला लागतात आणि या वाईनचे बारीक वास तर पार पुसले जातात. पांढरा रस्सा मात्र छान जमतो. सुकं करायचं असेल तर कांदा-खोबरं भाजून, मिरी आणि जायफळावर भागवा, लाल तिखट हात आखडून. खिम्याबरोबरही चांगली लागते.

बाटली दिवसभर उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि ओतताना शेवटचे दोन बोटं सोडून द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘खोलीच्या तापमानाला’ देऊ नका. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून काढा, सोळा-अठरा अंशांवर ती खुलते.

वाटसरू

पिठलंभाकर यांच्या भावाने तोंदोनियाच आणावी की बोस्कोनिया? दुकानात दोन्ही शेजारी असतात.

अनुस्वार

@वाटसरू, बोस्कोनिया ही त्यांच्याच दुसऱ्या बागेची, ‘एल बोस्के’ची. तिच्यात तेम्प्रानियो थोडा जास्त, आणि बाटली बर्गंडीसारखी उतरत्या खांद्यांची. तोंदोनियाची बोर्दोसारखी, सरळ खांद्यांची. बोस्कोनियाची रेसेर्वा पिंपात पाच वर्षं, तोंदोनियाची सहा. बोस्कोनिया जरा मोकळी, गोलसर. तोंदोनिया ताठ आणि लांबवर रेंगाळणारी. पहिल्यांदाच घेत असाल तर बोस्कोनिया पटकन आवडेल. पण बाटली एकच येणार असेल तर तोंदोनिया.

पांढरी तोंदोनियाही बनते, विउरा आणि थोड्या माल्वासिया या पांढऱ्या द्राक्षांची, तीही वर्षानुवर्षं पिंपात. तिच्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

निफाडकर

सगळं वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात एकच हिशोब फिरतोय. १३,००० पिंपं गुणिले २२५, म्हणजे सगळी भरली तर २९ लाख लिटरच्या वर माल. बाटल्यांतला वेगळा. तो सगळा सहा ते दहा वर्षं पडून. शिवाय लाकडातून थोडी वाईन उडून जाते, भर घालावी लागते. आम्हाला द्राक्षाचे पैसे तीन महिन्यांत आले नाहीत तर सोसायटीचं कर्ज थकतं. ही माणसं मधली वर्षं जगतात कशावर? पद्धत पटली, पण पैशाचं गणित कळल्याशिवाय मला हे पूर्ण कळलं असं वाटणार नाही.

अनुस्वार

@निफाडकर, त्यांचे हिशोब मी पाहिलेले नाहीत, पण मांडणी बाहेरूनही दिसते. पहिलं म्हणजे जमीन, इमारती, टाक्या आणि पिंपं पिढ्यांपूर्वीची. नवीन बोदेगाला यासाठी जे कर्ज काढावं लागेल ते यांच्या डोक्यावर नाही. सुमारे १७० हेक्टर स्वतःची बाग आहे, म्हणजे द्राक्ष विकत घ्यायला नको.

दुसरं, सगळा माल इतका थांबत नाही. कुबियास बागेची विन्या कुबियो ही रेड तीन वर्षं पिंपात राहून निघते, आणि ग्राव्होनिया ही पांढरी चार वर्षं. त्या तुलनेने स्वस्त असतात. ग्रान रेसेर्वा दरवर्षी काढतच नाहीत, उत्तम हंगाम असेल तरच. बाकीच्या वर्षांचा माल रेसेर्वात जातो. त्यामुळे दरवर्षी काही ना काही विक्रीला असतंच, फक्त ते वेगवेगळ्या हंगामांचं असतं. यंदा ओतलेली वाईन यंदाचं घर चालवत नाही, मागच्यांनी ओतलेली चालवते.

पहिली दहा वर्षं कशी काढायची, हा खरा प्रश्न नवीन माणसापुढे आहे. त्याचं उत्तर राफाएलच्या काळात फ्रेंचांच्या मागणीने दिलं होतं. नाशिकमध्ये कुणाला करायचं झालं तर सगळ्या मालाच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरुवात करावी लागेल आणि बाकीचा माल त्याच वर्षी विकावा लागेल. थंड तळघर मात्र पहिल्या दिवसापासून लागेल, आणि आपल्या हवेत सगळ्यात मोठा खर्च तोच असेल.

निफाडकर

दहावा हिस्सा म्हणजे झेपण्यासारखं आहे. आमच्या बाजूला एकाच्या विहिरीशेजारी जुनं दगडी तळघर आहे, उन्हाळ्यात आत किती तापतं ते या मेमध्ये मोजून इथेच लिहितो.